पांढऱ्या मॅलोची ओळख: एका इवल्या वाळवंटी फुलाच्या नावाचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात फूल कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी आमची एक चूक सांगावी लागेल.

ही व्याख्यानं नियमित ऐकणाऱ्या एक बाई कॅलिफोर्नियात, मोहावे वाळवंटाच्या कडेला राहतात. त्यांनी आम्हाला एक फोटो पाठवला. घरामागच्या रेताड जागेत जमिनीलगत पसरलेलं एक रोप, हाताच्या पंज्याएवढं, आणि त्यावर पांढुरकी फुलं, नखाएवढीसुद्धा नाहीत. खाली प्रश्न होता, ‘जागा साफ करतेय. हे तण आहे का? उपटू का?’ आम्ही फोटो पाहिला, पान गोलसर वाटलं, फूल लहान होतं. आम्ही कळवून टाकलं, ‘माल्व्हा पार्व्हिफ्लोरा दिसतंय. बाहेरून आलेलं तण. उपटलं तरी हरकत नाही.’

आठवड्याने त्यांचा दुसरा फोटो आला. या वेळी जवळून काढलेला, पान आणि फळ दोन्ही स्पष्ट. ते बाहेरचं तण नव्हतंच. ते तिथलंच, त्या वाळवंटाचंच रोप होतं, इंग्रजीत ज्याला ‘व्हाइट मॅलो’ म्हणतात. शास्त्रीय नाव एरेमाल्की एक्झिलिस. तोवर बाईंनी बरीचशी रोपं उपटून टाकली होती.

आता यात आभाळ कोसळलं असं नाही. हे रोप दुर्मीळ नाही. पण आम्ही एका शब्दात ‘बाहेरचं’ म्हणून टाकलं आणि त्या एका शब्दावर हात चालला. मग आम्ही शोधायला लागलो, की या फुलाची ओळख नेमकी कशी ठरली, कुणी ठरवली, आणि ती किती वेळा बदलली. त्यातून जे हाती लागलं ते आज मांडतो.

आधी कूळ बघू. माल्व्हेसी, म्हणजे आपलं भेंडीचं कूळ. जास्वंद, कापूस, अंबाडी, हॉलीहॉक ही सगळी त्यातली. या कुळाची खूण घरातच सापडते. जास्वंदीच्या फुलातून बाहेर आलेली ती दांडी आठवा. पुंकेसरांचे दांडे एकमेकांना चिकटून त्यांची नळी झालेली असते, आणि त्या नळीच्या आतून स्त्रीकेसर वर येतो. भेंडीचं फूल घ्या, कापसाचं घ्या, तीच रचना. आणि मोहावेतलं ते पाच मिलिमीटर पाकळीचं फूल भिंगाखाली धरलं तर तिथेही हीच नळी दिसते. म्हणजे कुळापर्यंत पोचणं सोपं. अडचण त्यापुढे सुरू होते.

आता आपण १८५७ सालात जाऊ. अमेरिकी सैन्याला कोलोराडो नदीतून वर किती अंतरापर्यंत बोटी जाऊ शकतात ते पाहायचं होतं. लेफ्टनंट जोसेफ आइव्ह्ज याच्याकडे ही मोहीम दिली गेली. ‘एक्सप्लोरर’ नावाची वाफेवर चालणारी बोट सुट्या भागांत समुद्रमार्गे आणून नदीच्या मुखाशी जोडली. १८५८ च्या मार्चमध्ये ती ब्लॅक कॅन्यनमध्ये खडकावर आपटली. मग पुढचा प्रवास लहान होडीतून आणि पायी झाला. वाट दाखवायला इराताबा हे मोहावे जमातीचे पुढारी बरोबर होते. आणि निसर्गाच्या नोंदी करायला होते जॉन स्ट्राँग न्यूबेरी, पेशाने डॉक्टर, कामाने भूगर्भशास्त्रज्ञ.

मोहिमेचा अहवाल १८६१ साली छापला गेला. त्यातल्या वनस्पतींच्या भागात हार्वर्डचे एसा ग्रे यांनी आपल्या फुलाचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं, माल्व्हॅस्ट्रम एक्झिली. लक्षात घ्या, ग्रे तेव्हा अमेरिकेच्या पश्चिमेला एकदाही गेलेले नव्हते. त्यांचा पहिला पश्चिम प्रवास १८७२ चा. त्यांच्यासमोर होता कागदात दाबून सुकवलेला नमुना. त्यात वाळूचा रंग नाही, पहाटेचा गारवा नाही, शेजारी कोणती झाडं होती ते नाही. इराताबांच्या लोकांना ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, पण शास्त्राच्या वहीत जे नाव चढलं ते केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या एका टेबलावर ठरलेलं.

या नावाकडे जरा थांबून बघू, कारण इथे एक गंमत आहे. ‘एक्झिली’ हा शब्द इंग्रजी डोळ्यांनी वाचला तर ‘एक्झाइल’, म्हणजे वनवास, हद्दपारी असा वाटतो. वाळवंटातल्या फुलाला शोभेल असाच! पण तो लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ आहे बारीक, किरकोळ, हडकुळं. ग्रे यांना करुण काही सुचवायचं नव्हतं. नमुना मरतुकडा दिसला, तसं नाव दिलं. आपल्याकडे नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात एका अनुस्वाराचं अंतर आहे. इथे दोन्ही एकदमच झालं म्हणा ना.

आणि ‘माल्व्हॅस्ट्रम’? तो गण ग्रे यांनीच १८४९ साली उभा केला होता. अर्थ साधारण ‘माल्व्हासारखं, पण पुरतं माल्व्हा नव्हे’. अशा नावाच्या पेटीत काय काय येऊन पडतं ते तुम्ही ओळखलंच असेल. जे नीट कुठे बसत नाही ते सगळं. या पेटीतलं एक झाड तर आपल्या ओळखीचं आहे. महाराष्ट्रात रस्त्याकडेला, पडीक जागेत एक फिकट पिवळ्या फुलाचं चिवट झुडूप दिसतं, माल्व्हॅस्ट्रम कोरोमंडेलिअॅनम. नाव आपल्या कोरोमंडल किनाऱ्याचं आणि झाड मूळचं अमेरिकेचं! १७५३ साली लिनिअसने दिलेलं ते विशेषण आजतागायत चिकटून आहे. म्हणून नावावरून गाव ओळखायला जाऊ नये, हा या शास्त्रातला पहिला धडा.

१८६८ साली ग्रे यांनी याच पेटीत आणखी एक वाळवंटी फूल ठेवलं, माल्व्हॅस्ट्रम रोटंडिफोलियम. हे मात्र देखणं. गुलाबी कटोरी आणि आत प्रत्येक पाकळीच्या तळाशी गडद लाल डाग. भेंडीच्या फुलात तळाशी डाग असतो ना, तसा, पण पाच वेगवेगळे. लोक त्याला ‘डेझर्ट फाइव्ह-स्पॉट’ म्हणतात. डेथ व्हॅलीत २००५ आणि २०१६ साली पावसानंतर फुलांचा मोठा बहर आला, तेव्हा त्याचे फोटो जगभर फिरले. आपलं पांढरं फूल त्याचा सख्खा नातेवाईक, पण त्याच्या वाट्याला ते कौतुक नाही.

यानंतर येतात एडवर्ड ली ग्रीन. धर्मोपदेशक होते, मग बर्कलीला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, पुढे वॉशिंग्टनला गेले. ग्रे आणि ग्रीन यांचं पटलं नाही. ग्रे यांचा कल साम्य पाहून एकत्र ठेवण्याकडे, ग्रीन यांचा फरक पाहून वेगळं काढण्याकडे. ग्रीन यांनी आयुष्यभरात चार हजारांहून जास्त नावं दिली. पुढच्या लोकांनी त्यातली कितीतरी रद्द केली, आणि ‘ग्रीन म्हणजे नुसते तुकडे पाडणारे’ अशी त्यांची ख्याती झाली. पण त्यांच्या बाजूने एक गोष्ट होती. पश्चिमेतली झाडं त्यांनी उभी पाहिली होती, हिंडून, वर्षानुवर्षं.

१९०६ साली ग्रीन यांनी माल्व्हॅस्ट्रमच्या पेटीतून ही वाळवंटी, एका हंगामाची रोपं बाहेर काढली आणि त्यांचा वेगळा गण केला, एरेमाल्की. ग्रीकमध्ये ‘एरेमोस’ म्हणजे ओसाड, एकाकी. वाळवंटातली मॅलो किंवा एकटी मॅलो, दोन्ही अर्थ लागतात. माल्व्हॅस्ट्रम नपुंसकलिंगी, एरेमाल्की स्त्रीलिंगी, म्हणून ‘एक्झिली’चं ‘एक्झिलिस’ झालं. मराठीत विशेषण बदलतं ना, बारीकचं तसंच राहतं, पण पांढरंचं पांढरी होतं, तसंच हे.

ग्रीन यांचं म्हणणं सगळ्यांनी लगेच मानलं नाही. कुणी जुनंच नाव चालवलं, कुणी या रोपांना स्फेरॅल्सिया या तिसऱ्याच गणात टाकलं. शेवटी बाजू स्थिर व्हायला ज्यांची मदत झाली त्यांपैकी एक म्हणजे थॉमस कीर्नी. हा माणूस सरकारी शेतीखात्यात कापसावर काम करणारा. ॲरिझोनात लांब धाग्याच्या कापसाच्या जाती तयार करण्यात त्यांची उमेद गेली. निवृत्तीनंतर ते कापसाच्या गोतावळ्याकडे, म्हणजे माल्व्हेसीच्या रानटी भाऊबंदांकडे वळले, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १९५६ साली, त्यांनी एरेमाल्कीवर टिपण लिहिलं. पुढे डीएनए तपासले गेले तेव्हा ही रोपं माल्व्हॅस्ट्रमपासून दूर आणि सिडाल्सिया नावाच्या पश्चिम अमेरिकी गणाच्या जवळची निघाली. ‘तुकडे पाडणाऱ्या’ ग्रीन यांचा हा तुकडा बरोबर पडला होता.

आता तुम्ही म्हणाल, हा झाला कागदाचा इतिहास. प्रत्यक्ष समोर रोप असेल तर ओळखायचं कसं? तेही सांगतो, कारण आमची चूक तिथेच झाली होती.

पहिली गोष्ट, फुलाच्या रंगावर जाऊ नका. एरेमाल्की एक्झिलिसचं फूल पांढरं असतं, फिकट जांभळट-गुलाबीही असतं. माल्व्हा पार्व्हिफ्लोराचंही तसंच. फुलाखालच्या हिरव्या बारीक पट्ट्या मोजाल तर दोघांतही तीनच.

दुसरी गोष्ट, पान. माल्व्हाचं पान एकंदर गोल, कडेला उथळ खाचा. एक्झिलिसचं पान मात्र तीन ते पाच भागांत खोल चिरलेलं. लांबून, अंधुक फोटोत दोन्ही गोलसर दिसतात. आम्ही तिथेच फसलो.

तिसरी गोष्ट, आणि ही खरी निर्णायक, स्त्रीकेसराचं टोक. कुक्षीवृंताचे बारीक फाटे असतात. माल्व्हात परागकण धरणारा भाग, म्हणजे कुक्षी, त्या फाट्याच्या आतल्या बाजूने लांब पट्टीसारखी असते. एरेमाल्कीत ती टोकाला, टाचणीच्या डोक्यासारखी. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर वाद मिटतो.

चौथी गोष्ट, फळ. या कुळातल्या अशा रोपांचं फळ म्हणजे सोललेल्या संत्र्याच्या फोडी गोल मांडाव्यात तसं, चपटं. माल्व्हा पार्व्हिफ्लोराला इंग्रजीत ‘चीजवीड’ म्हणतात ते त्यामुळेच, चीजच्या गोल चकतीचे काप केल्यासारखं ते दिसतं. एक्झिलिसच्या फळात साधारण नऊ ते तेरा फोडी, प्रत्येकीत एकच बी. फाइव्ह-स्पॉटमध्ये पंचवीस ते पस्तीस. म्हणजे फूल गळून गेलेलं असलं तरी फोडी मोजून या दोन बहिणी वेगळ्या करता येतात. आणि स्फेरॅल्सियाच्या फोडीचे सरळ दोन भाग दिसतात, वरचा गुळगुळीत आणि खालचा जाळीदार.

आणि ‘तिथलंच’ की ‘बाहेरचं’ हे कसं ठरवतात? इथे इतिहासाची साधनं कामाला येतात. जॉर्ज हेन्ड्री यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश मिशनांच्या मातीच्या कच्च्या विटा फोडून तपासल्या. विटा थापताना मातीत बिया, काड्या मिसळतात. इमारत कोणत्या सालची ते ठाऊक, म्हणजे त्या साली कोणती झाडं आसपास होती ते कळतं. भूमध्य समुद्राकडून आलेली तणं केव्हा पोचली याचा माग असा भिंतीतून निघाला. आपण ताम्रपट वाचतो, त्यांनी वीट वाचली.

इथवर ऐकून वाटेल, की हा अभ्यासकांचा आपसातला खेळ आहे. माल्व्हॅस्ट्रम म्हणा की एरेमाल्की म्हणा, रोपाला काय फरक पडतो? पडतो. त्यासाठी वाळवंटातून वायव्येला, डोंगर ओलांडून सॅन वाकीन खोऱ्याच्या दक्षिण टोकाला जाऊ. तिथे याच गणातलं एक रोप आहे, केर्न मॅलो.

१९३८ साली कार्ल वुल्फ यांनी केर्न परगण्यातल्या या रोपाला स्वतंत्र जात मानून नाव दिलं, एरेमाल्की केर्नेन्सिस. जागा मॅककिट्रिक आणि बटनविलो या गावांच्या आसपासची. एकीकडे तेलविहिरी, दुसरीकडे पाटाच्या पाण्यावरची शेती, त्यात कापूसही. बघा, एकाच कुळातल्या एका झाडासाठी जमीन नांगरली जाते आणि दुसऱ्याची जागा जाते. १९ जुलै १९९० रोजी अमेरिकी केंद्र सरकारने या खोऱ्यातल्या पाच वनस्पती संरक्षित यादीत घातल्या. केर्न मॅलो त्यातली एक, ‘नष्ट होण्याच्या धोक्यात’ या वर्गात.

आणि दोनच वर्षांनी, १९९२ साली, कॉर्नेल विद्यापीठाच्या डेव्हिड बेट्स यांनी दाखवून दिलं, की ही वेगळी जात मानायला आधार कमी पडतो. शेजारच्या टेकड्यांवर पॅरी मॅलो नावाचं गुलाबी-जांभळं रोप आहे, त्याचीच ही उपजात. पांढरा रंग ही पक्की खूण नव्हे. मग खूण कोणती? तर केर्न मॅलोच्या वस्तीत काही रोपांना पूर्ण फुलं येतात, पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असलेली, आणि काही रोपांना फक्त स्त्रीफुलं, आकाराने जरा लहान. त्यात परागकण बनतच नाहीत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. समोर एक रोप असेल आणि त्याला पूर्ण फूल असेल, तर ते केर्न मॅलो आहे की पॅरी मॅलो, हे त्या एका रोपावरून सांगता येत नाही. वस्ती हिंडावी लागते. आसपासची शंभर रोपं बघून त्यात स्त्रीरोपं आहेत का ते शोधावं लागतं. ग्रे यांच्या टेबलावरचा एकटा सुकलेला नमुना इथे काही बोलणार नाही. १८६१ ते १९९२ या काळात ‘ओळखणं’ या क्रियेचाच अर्थ असा बदलत आला.

परिणाम सरळ होता. केर्न मॅलो म्हणजे नेमकं काय, यावर ते किती ठिकाणी आहे हे ठरतं. पांढरी फुलं हीच खूण मानली तर जागा थोड्या. स्त्रीरोपं असलेल्या सगळ्या वस्त्या धरल्या तर जागा वाढतात. जागा किती, यावर धोका किती, आणि धोका किती, यावर सरकारी परवानगीने पाइपलाइन टाकताना कुठे थांबून पाहणी करायची ते ठरतं. त्याच पाचांमधल्या एका रोपाच्या, हूव्हर्स वूली-स्टारच्या, पुष्कळ नव्या वस्त्या सापडल्या आणि २००३ साली ते यादीतून काढलं गेलं. म्हणजे नीट ओळखण्याने दर वेळी संरक्षण वाढतंच असं नाही. कधी ते कमीही होतं. दोन्ही बाजूंनी खरं तेच निघायला हवं.

आणि हे रोप हंगामी आहे हेही विसरू नका. थंडीत पाऊस झाला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये उगवणार, फुलणार, बी टाकणार आणि मेपर्यंत वाळून जाणार. पाऊस नसेल तर बी मातीत थांबून राहतं, एक वर्ष, अनेक वर्षं. कोरड्या साली पाहणी करायला गेलेला माणूस ‘इथे काही नाही’ असं प्रामाणिकपणे लिहील आणि ते चूक असेल.

म्हणून ‘इतिहासात फूल कशाला’ या प्रश्नाला आमचं उत्तर असं. आपण एखाद्या गोष्टीला ‘इथलं’ किंवा ‘बाहेरचं’ म्हणतो, ‘वेगळं’ किंवा ‘त्यातलंच’ म्हणतो, तेव्हा त्यामागे कुणीतरी कधीतरी काही पुराव्यावर घेतलेला निर्णय असतो. तो कुणी घेतला, समोर काय होतं, काय नव्हतं, हे विचारणं म्हणजेच इतिहास. आम्ही एका अंधुक फोटोवर निर्णय दिला. ग्रे यांच्यापुढे निदान खरं रोप तरी होतं.

बाईंना आम्ही चूक कळवली, माफी मागितली. त्यांनी उत्तर दिलं, की कुंपणाजवळची सात-आठ रोपं राहिली आहेत, ती आता राहू देते, फळं वाळली आहेत. उपटलेली रोपंसुद्धा त्यांनी फेकली नव्हती, कोपऱ्यात ढीग करून ठेवली होती. आम्ही सुचवलं, की ती त्याच जागेवर झटकून टाका, फोडी पिकल्या असतील तर बी पडेल. त्यांनी तसं केलं. पुढच्या हिवाळ्यात तिथे पाऊस झाला नाही, काही उगवलं नाही. त्या जागेवर फरशी घालायचं घरात ठरत होतं, ते त्यांनी तूर्त थांबवलंय.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ. आणि ज्यांना फोटो पाठवायचे असतील त्यांनी कृपया पान, फूल आणि फळ असे तीन वेगळे पाठवावेत. जवळून.